नानींची धडधड, आबांची झोप आणि माझी एक गोळी



या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा बीपी, शुगर, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर बोलतो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. तो एका चुकीबद्दल आहे आणि ती चूक माझीच आहे.

घाटनांदूरला दवाखाना सुरू करून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत काही पेशंट घरच्यासारखे होतात. त्यातल्याच दोघांची ही गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लिहिण्याआधी दोन्ही घरी विचारलं आहे.)

पहिल्या आमच्या नानी. वय ऐंशीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना नानीच म्हणते. त्यांची तक्रार ठरलेली असायची, "डॉक्टरसाब, रातच्याला लई धडधड व्हायलीय. झोपच लागंना." मी बीपी बघितलं, ईसीजी काढला, थायरॉइड केलं, हिमोग्लोबिन केलं. अंबाजोगाईला पाठवून इकोही करून घेतला. सगळं वयाच्या मानाने ठीक. मग मी त्यांच्या मुलाला सांगितलं, "काही नाही, टेन्शन आहे," आणि अल्प्राझोलामची अर्धी गोळी रात्री लिहून दिली. पुढे अर्धीची एक झाली. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

दुसरे आबा. वय त्याच्याच आसपास. शेतकरी माणूस, तब्येत काटक. रात्री दोनला दचकून उठायचे आणि मग सकाळपर्यंत अंगणात बसून राहायचे. दवाखान्यात आले की कायम भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून बसायचे. चुलीवर काही करपलं तरी घरात आरडाओरडा करायचे. सून म्हणायची, "आबांचा सोभावच तापट हाय." मीही तेच धरून चाललो. त्यांनाही तीच गोळी.

एक प्रश्न, जो मी विचारलाच नव्हता

२०२२ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष सुरू झालं. आदल्या दिवसापासूनच पोरांनी फटाके वाजवायला सुरुवात केली होती. त्या रात्री नानींनी एकाऐवजी दीड गोळी घेतली. पहाटे तीनला लघवीला उठल्या, झोक गेला आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं.

म्हाताऱ्या माणसांना अशा गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या की तोल जातो, पडायची भीती वाढते, विसराळूपणा वाढतो. हे मी एमडीला असताना शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. नानींच्या कागदावर मात्र मी दर महिन्याला "तेच चालू ठेवा" असं लिहीत होतो.

प्लॅस्टर घालून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी जुनी कार्डं काढून बसलो. दरवर्षी सप्टेंबर ते दिवाळी या दिवसांत त्यांच्या फेऱ्या वाढलेल्या. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पण मी कधी सलग वाचलं नव्हतं. मी विचारलं, "नानी, ही धडधड पहिल्यांदा कधी झाली?"

मला वाटलं, म्हणतील दहा वर्षांपूर्वी, मालक गेले तेव्हा. त्या म्हणाल्या, "पोलीस ॲक्शनला."

तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. गावात जमाव येतोय असं कळल्यावर शेजारच्या घरातल्या काकूने त्यांना आणि त्यांच्या आईला आपल्या घरात घेतलं आणि बळदात उतरवलं. तरुण वाचकांसाठी सांगतो, बळद म्हणजे जुन्या घरात धान्य साठवायची अंधारी बंदिस्त खोली. वरून एक तोंड असतं, तिथून आत उतरायचं. तीन रात्री दोघी ज्वारीवर बसून होत्या. बाहेरचे आवाज ऐकू येत होते, दिसत काहीच नव्हतं. काकू रात्री भाकरी खाली सोडायची. चौथ्या दिवशी त्या वर आल्या. वडील परत आले नाहीत.

"तवापासून ठो झालं की मी त्या बळदात असते, डॉक्टरसाब," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आबा आले. या वेळी मी गोळी लिहायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात रझाकारांनी त्यांचं घर पेटवलं होतं. कडब्याची गंज, गोठा, सगळं गेलं. थोरला भाऊ मारला गेला. रातोरात बैलगाडीतून सरहद्द ओलांडून सगळे बार्शीकडे पाहुण्यांकडे गेले. करपल्याचा वास आला की त्यांचं डोकं का फिरतं, हे त्यांच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. सुनेला नाही, नातवाला नाही आणि मलाही नाही.

थोडा इतिहास

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी अनेक गावं लुटली, जाळली, माणसं मारली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. हा आपला मुक्तिदिन, आणि तो अभिमानाने साजरा करावा असाच आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी सामान्य मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. त्यांनी फिरून दिलेल्या अहवालात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे उस्मानाबाद, बिदर, नांदेड आहेत. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आलाच नाही. पण त्याच अहवालात हेही नोंदवलेलं आहे की अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे प्राण गमावले.

कोण किती चुकलं याचा हिशेब मी इथे मांडत नाही. मी डॉक्टर आहे. मला एवढंच दिसलं की माझ्या दवाखान्यातल्या एकाच बाकड्यावर दोन बाजूंची दोन माणसं बसत होती, दोघांना एकच आजार होता आणि दोघांनाही मी एकच चुकीची गोळी देत होतो.

हा आजार नेमका काय आहे?

याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीटीएसडी. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हात थरथरणे, बोबडी वळणे, झोप उडणे असं होऊ लागलं, तेव्हा त्याला 'शेल शॉक' म्हणत. अनेकांना तर भित्रे ठरवलं गेलं. आजचं नाव अधिकृत वर्गीकरणात आलं ते १९८० मध्ये.

आपल्या मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका दिसला की घंटा वाजवणं हे त्याचं काम. घंटा वाजली की ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, घाम फुटतो, शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. धोका टळला की घंटा बंद व्हायला हवी. पण जिवावरचा प्रसंग असेल, तर काही जणांत ती आठवण नीट लावून ठेवलीच जात नाही. जणू तिच्यावर तारीखच पडलेली नसते. मग एखादा आवाज, एखादा वास आला की मेंदूला ते पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचं वाटत नाही, आत्ता घडतंय असं वाटतं.

लक्षणं साधारण चार प्रकारची:

१. प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, वाईट स्वप्नं पडणं.
२. त्या जागा, त्या गोष्टी, ते विषय टाळणं.
३. मन बधिर होणं, कशातच रस न वाटणं, स्वतःलाच दोष देणं.
४. सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप न लागणं.

हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर आजार समजायचा. एक दिलासा देतो. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुतेक माणसं घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण सगळीच नाही. युद्धाची झळ बसलेल्या भागांत दर पाच जणांत साधारण एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. आणि जे आयुष्यभर कामाच्या रगाड्यात दबून राहिलं, ते म्हातारपणी, हातातलं काम सुटल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर पुन्हा वर येऊ शकतं.

जखमी कुणाचा?

नानींचा प्रसंग झाल्यावर मी बरंच वाचत बसलो. युद्धात पोळलेल्या माणसांसाठी जगात कुणी काय केलं, हे शोधत होतो.

१८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हेन्री ड्युनांट नावाचा स्विस व्यापारी कामानिमित्त तिथे गेला होता. हजारो जखमी जवळच्या गावात आणले गेले आणि तिथली चर्चेस हाच दवाखाना झाला. गावातल्या बायकांनी पाणी दिलं, पट्ट्या बांधल्या. त्यांनी सैनिक कुठल्या बाजूचा हे विचारलं नाही. सगळे भाऊच आहेत, एवढंच त्या म्हणत होत्या. ड्युनांट हा श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. त्या दृश्याने तो इतका हलला की त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची सुरुवात झाली.

लांब कशाला, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. उपासमार आणि आजारपण सोसून, इराणमार्गे ते इथवर आले. कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर त्यांची छावणी उभी राहिली. तिथे दवाखाना होता, पण नुसता दवाखाना नव्हता. त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊट पथकं होती, नाटकं होत होती. डॉक्टर म्हणून मला यात फार मोठं औषध दिसतं. रोज ठरलेल्या वेळेला शाळेची घंटा होणं, रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना होणं, आपल्या सणाला आपला पदार्थ बनणं, यातून घाबरलेल्या मेंदूला हळूहळू कळतं की आता धोका संपला.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर आपल्याच भागातले. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाखाली सापडलेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच थांबले. तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले.

ख्रिस्ती बायका, हिंदू संस्थान, काँग्रेसचे डॉक्टर आणि नानींची ती शेजारीण. यातल्या कुणीही आधी जात, धर्म, बाजू विचारली नाही.

सिस्टरनी सांगितलेली गोष्ट

इथे मला माझ्या रेसिडेन्सीतल्या एक सिस्टर आठवतात. नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. रात्रपाळीत चहा पिताना त्यांनी मला बायबलातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली होती. एका वाटसरूला लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेलं असतं. त्याच्याच धर्माचे दोन मोठे लोक बघून पुढे जातात. मग एक शोमरोनी येतो. त्या काळात यहुदी आणि शोमरोनी यांचं हाडवैर. पण तोच थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालून पट्टी बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर सांभाळतो.

मी म्हणालो होतो, "छान गोष्ट आहे सिस्टर." त्या म्हणाल्या, "सर, शेवट ऐका. दुसऱ्या दिवशी तो मालकाला पैसे देतो आणि सांगतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन. पट्टी तर कुणीही बांधतं, सर. तो परत येणार होता, ते बघा."

तेव्हा मी हसलो होतो. नानींचं प्लॅस्टर बघताना ते वाक्य आठवलं. आपल्या भाषेत त्याला फॉलोअप म्हणतात. माझा फॉलोअप दर महिन्याला होत होता, पण मी माणसाकडे नाही, चिठ्ठीकडे परत येत होतो.

मग काय केलं, आणि तुम्ही काय करू शकता

अंबाजोगाईच्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलून नानींची गोळी हळूहळू, काही महिन्यांत कमी करत बंद केली. (घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर हा लेख वाचून एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना विचारूनच कमी करा.) सर्ट्रालिनसारखी औषधं या आजारात उपयोगी पडतात, ती अगदी कमी डोसने सुरू केली. खास समुपदेशनाच्या पद्धतीही आहेत आणि त्यांचा चांगला फायदा होतो. आबांनी नवीन औषध घेतलं नाही. जुनी गोळी मात्र हळूहळू सोडली. ते फक्त येऊन बोलतात. तेही चालतं.

घरच्यांसाठी काही गोष्टी:

- विचारा, पण खोदू नका. "तेव्हा काय झालं होतं?" असं एकदा विचारून गप्प बसा. सांगायचं असेल तर माणूस सांगतो. जबरदस्तीने सगळं वदवून घेतलं तर त्रास वाढू शकतो.

- "आता विसरा ते," असं म्हणू नका. विसरता आलं असतं तर ते विसरलेच असते.

- जागतिक आरोग्य संघटनेने वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती संस्थेसह २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: पहा, ऐका, जोडा. माणूस सुरक्षित आहे का पहा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि त्याला घरच्यांशी, मदतीशी, उपचारांशी जोडून द्या.

- धडधड सुरू झाली की श्वास हळू सोडायला सांगा, आत घेताना चार आकडे आणि सोडताना सहा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. मेंदूला "आज, इथे" परत आणायची ही साधी युक्ती आहे. मात्र छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर आधी दवाखाना गाठा. हृदयाचं कारण नाही ना, हे बघितल्याशिवाय धडधडीला "मनाचं" म्हणू नका.

- झोपेसाठी दारू हा उपाय नाही. निवृत्त जवानांच्या घरी हे मला मुद्दाम सांगावं लागतं.

- जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

हे फक्त ऐंशीच्या माणसांसाठी नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून आपल्याकडची कितीतरी मेडिकलची मुलं तळघरांत रात्री काढून परतली. आपण स्टेशनवर हार घातले, पेढे वाटले आणि पुढच्या ॲडमिशनचं विचारलं. रात्री झोप लागते का, हे कितीजणांनी विचारलं?

शेवटचं

नानींचा आजार पूर्ण गेला का? नाही. फटाका वाजला की अजूनही दचकतात. पण पडल्या नाहीत पुन्हा, आणि दिवसा डोळ्यांवर जी झापड असायची ती गेली.

ज्या काकूने त्यांना बळदात लपवलं, तिचा पणतू आता दहावीला आहे. मागच्या दिवाळीत तो नानींच्या दारात आला आणि म्हणाला, "नानी, आता आम्ही फटाके लावणारंय. दहा मिनिटं." नानींनी रेडिओ मोठा केला, नातवाचा हात धरला आणि बसून राहिल्या. आवाज येणार हे आधी माहीत असलं की मेंदू कमी दचकतो, हे शास्त्रही सांगतं. मी त्या पोराला हे शिकवलं नव्हतं. त्यानेच नानींना विचारलं होतं, की तुम्हाला त्रास कशाने होतो.

तुमच्याही घरात, गल्लीत असं कुणी असेल. पुढच्या वेळी त्यांची झोपेची गोळी आणायला जाल, तेव्हा आधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा.

काळजी घ्या.